बीडच्या बागेतला बेल

आमच्या चौसाळ्यातलं कुणी सुट्टीला पुण्याला जायचं, कुणी औरंगाबादला. मी गेले बीडला. एसटीनं जेमतेम तासाभराचा रस्ता, मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला उतरला तर थोडा जास्त. पण आमच्या पिशव्या बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काशीला निघालात का काय?" पिशव्या माझ्या नव्हत्या. माझी एकच होती, बाकी सगळ्या सासूबाईंच्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई मनानं सरळ, पण जिभेला हाड नव्हतं. पहाटेपासून दिवा लागेपर्यंत हातात काहीतरी असायचंच. सूप, झाडू, शेंगा, नाहीतर माझी खरडपट्टी. मीही काही गरीब गाय नव्हते. आमच्या दोघींचं भांडण सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं आणि एखाद्या दिवशी ते झालं नाही तर नवरा दुकानातून डोकावून विचारायचा, "बरं न्हाई का कुणाला?"

जायचं कारण असं की मला सहावा महिना होता. आधीचं एक चौथ्या महिन्यात गेलं होतं आणि ते का गेलं हे कुणालाच सांगता आलं नव्हतं. या खेपेला बीडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला थोडे दिवस घराबाहेर काढा, निवांत राहू द्या. आमच्या घरात कसली निवांत राहतेय! हायवेला लागून किराण्याचं दुकान आणि दुकानामागं आम्ही. त्या वर्षांत दुकानात रोज नवा माल येत होता. शांपूच्या पुड्यांच्या माळा दारावर लटकायच्या. थंड बाटल्यांचा लाल फ्रीज कंपनीनं आणून ठेवला होता. शेजारी एसटीडीचा पिवळा बोर्ड लागल्यापासून फोन करायला आलेला माणूस जाताना काहीतरी घेऊनच जायचा. भरल्या ताटावरून उठून गिऱ्हाईक करायची मला सवयच झाली होती.

बीडला माझी थोरली नणंद. तिचे मालक कोर्टात कारकून, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, घरात केबलचा टीव्ही. तिनं फोनवर सांगितलं, वैनीला आठ दिवस पाठवून द्या. नवरा म्हणाला जा. मी मनातल्या मनात पिशवी भरलीसुद्धा. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "एकली कशी जाईल ती? मी बी येते."

झाली माझी सुट्टी, मनात म्हटलं.

"या की. तुमालाबी तेवढीच सुट्टी," मी वरवर म्हणाले.

"सुट्टी शाळंला असती," त्या म्हणाल्या. "माणसाला कशाची आली सुट्टी?"

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, जांभळाएवढं, काळंभोर, गुळगुळीत. कुणी कापडात बांधतं, कुणी चांदीच्या डबीत ठेवतं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, पूजा करायची आणि परत गळ्यात. आणि ते हरवलंच, तर सापडेपर्यंत किंवा स्वामींनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, नवं बांधेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, असा जुन्या माणसांचा नेम. मीही लिंग घालते, पण माझी पूजा म्हणजे डोळे मिटायचे, एखादं फूल वाहायचं आणि चहाला लागायचं. आत्याबाईंचं तसं नव्हतं. त्यांना बेल लागायचाच, तोही तीन पानांचा, कुठं कीड नाही, चीर नाही असा. बेल नाही तर पूजा नाही आणि पूजा नाही तर पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

चौसाळ्याहून ओल्या फडक्यात बांधून आणलेला बेल दोन दिवसांत काळा पडला. मे महिन्याचं ऊन, दुसरं काय होणार! नणंदेच्या कॉलनीत अशोकाची झाडं होती, कुंड्यांत मनीप्लांट होता, बेल कुठला असायला! मी म्हटलं, "आत्याबाई, बेल शिळा होत न्हाई म्हणत्यात. तोच धुऊन वाहा की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप टीव्ही लावला. शेवटी नणंदेला आठवलं, कचेऱ्यांच्या मागं नगरपालिकेची बाग आहे, तिथं बेलाचं झाड बघितल्यासारखं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी अंघोळी उरकून, उजाडता उजाडता आम्ही दोघी रिक्षानं तिथं गेलो. बाग काही फार मोठी नव्हती. लोखंडी फाटक, सिमेंटचे बाक, मधोमध कोरडं पडलेलं कारंजं, एका कडेला घसरगुंडी. पण आत गेलं की रस्त्यावरचे हॉर्न एकदम लांब गेल्यासारखे वाटायचे. कडुनिंबाखाली पेन्शनर मंडळी एकच पेपर पानं वाटून वाचत होती. क्लासची पोरं-पोरी अंतर ठेवून बसली होती आणि पुटपुटत पाठ करत होती. मला तर पहिल्यांदा चुकल्या-चुकल्यासारखंच झालं. एवढी माणसं एका जागी आणि त्यात गिऱ्हाईक कुणीच नाही.

बेल मागच्या भिंतीजवळ होता. चांगला भरलेला, बुडाला विटा रचून केलेलं गोल आळं. आत्याबाईंचा हात फांदीला लागतोय तोच शिट्टी वाजली.

शिट्टी बागेच्या वॉचमनची. उंच गडी, पिकलेल्या मिशा, वर खाकी शर्ट आणि खाली पायजमा.

"मावशी, पान तोडायचं न्हाई. तिकडं बोर्ड हाय."

"बोर्डावर फुलाचं लिवलं आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "मी फूल कुठं तोडतीय?"

"पानाचंबी लिवलंय."

"झाड तुमचं हाय का?"

"सरकारचं हाय."

"मग सरकार काय करतंय बेलाचं? पूजेला बसतंय का सरकार?"

पेन्शनर खदाखदा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वॉचमन मात्र चिडला नाही. म्हणाला, "मावशी, तुमाला एक पान तोडू दिलं तर उद्या सगळं बीड पिशव्या घेऊन येतंय. मग झाडाचा खराटा. आपसूक गळंल ते घ्या. हितंच बसून पूजा करा, मी कायबी म्हणणार न्हाई. पर तोडायचं न्हाई. कबूल?"

आत्याबाईंनी फांदीवरचा हात खाली घेतला. "कबूल," म्हणाल्या.

आणि बसल्या की हो खाली, पान गळायची वाट बघत!

खाली पडलेली पानं ढीगभर होती, पण पिवळी, वाळकी, एकेकटी. हिरवं, तीन पानांचं, अखंड पान काय कुणाच्या सांगण्यावरून पडतं? वारं येईना. मी आळ्याच्या विटेवर टेकून पोटावर हात ठेवून बसले. ऊन वर यायला लागलं. मी हळूच म्हटलं, "वॉचमन तिकडं गेलाय. हलवू का जराशी फांदी?"

"नगं. शब्द दिलाय."

"अवो, तोडायचं न्हाई असा दिलाय. हलवायचं न्हाई असं कुठं म्हणलाव तुमी?"

"तू दुकानदाराची बायको हायस," त्या म्हणाल्या. "गप बस."

शेवटी एक झुळूक आली, वर कावळा उडाला आणि एक पान गरगरत खाली आलं. तीन पानांचं, हिरवं. आत्याबाईंनी ते पदरात झेललं. त्यांचं तोंड बघायला पाहिजे होतं. मी त्यांना तसं हसताना माझ्या लग्नात पण बघितलं नव्हतं.

मग रोजचंच झालं ते. सकाळी बागेत जायचं, बेलाखाली पानाची वाट बघत बसायचं. पान पडलं की पूजा. पूजेचं निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आत्याबाई ते बेलाच्याच आळ्यात ठेवायच्या. वॉचमनही लांबून विचारायचा, "पडलं का मावशी?" एक पेन्शनर तर छत्री घेऊन यायचे आणि माझ्या डोक्यावर सावलीला ठेवून जायचे.

आत्याबाईंना नुसतं बसलेलं मी तिथंच पहिल्यांदा बघितलं. हातात काही नाही, कुणाला बोलणं नाही. नुसतं वर झाडाकडं बघत राहायचं. अशाच एका सकाळी, मी काही विचारलं नसताना, त्या म्हणाल्या, "माजंबी एक गेलतं. तुज्या नवऱ्याच्या आदी. मुलगी व्हती."

लग्नाला एवढी वर्षं झाली, माझं गेलं तेव्हा दोन महिने मी भिंतीकडं तोंड करून झोपले, पण ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. मला रागच आला. म्हटलं, "तवा का न्हाई सांगितलंत?"

"सांगून काय तुजं परत आलं असतं?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, तोही पदर सारखा करायच्या निमित्तानं.

आणि मग तो दिवस आला. त्या दिवशी पान लवकर पडलं होतं, पूजा अर्ध्यात आली होती, लिंग आत्याबाईंच्या तळहातावर होतं. तेवढ्यात वॉचमन पळत आला. "मावशी, उठा उठा! साहेब आलेत बाग बघायला. हितं पूजा करताना बघितलं तर माजी नोकरी जाईल." फाटकाशी जीप उभी होती. आत्याबाईंनी पटापटा मंत्र संपवला, निर्माल्य आळ्यात ठेवलं, डबी मिटली, पदर ओढून घेतला आणि आम्ही दोघी बाकावर जाऊन बसलो, पेपर वाचणाऱ्यांच्या शेजारी. साहेबांनी फिरून बघितलं, माळ्याला सगळ्या आळ्यांतला पालापाचोळा काढून खत घालायला सांगितलं आणि गेले. आम्ही घरी आलो. जेवलो, झोपलो, संध्याकाळी नणंदेनं पाणीपुरी आणली तीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बेलाखाली बसून आत्याबाईंनी डबी उघडली. डबी रिकामी.

मला आधी कळलंच नाही. त्या नुसत्या डबीकडं बघत होत्या. मग त्यांनी बोट आत फिरवलं. मग पोलक्यात बघितलं, पिशवी झटकली. "शिव शिव," एवढंच म्हणाल्या आणि रिकामी डबी मांडीवर ठेवली.

काल गडबडीत लिंग बेलाच्या पानांबरोबर निर्माल्यात गेलं होतं. डबी चांदीची, मुळातच जड. रिकामी आहे हे गळ्याला कळलं नाही. मी आळ्याकडं धावले तर आळ्यात काळं खत आणि ओली माती. माळ्याला बोलावलं. तो बिचारा हबकून गेला. म्हणाला, "पाला काढला वैनी. टाकला न्हाई कुठं, समद्या झाडांच्या आळ्यात वाईच वाईच घातला आन वरनं खत."

समद्या झाडांच्या! बागेत झाडं काय दोन-चार होती?

मग सुरू झालं उकरणं. माळी खुरपं घेऊन बसला. वॉचमनला तर आपल्यामुळंच झालं असं वाटत होतं. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तोही बसला. पेन्शनर चष्मे पुसून मातीची ढेकळं फोडायला लागले. क्लासच्या दोन मुली वह्या बाजूला ठेवून आल्या. आम्ही परतलो नाही म्हणून नणंद बघायला आली, ती तशीच घरी जाऊन पिठाची चाळणी घेऊन आली. मुठीमुठीनं माती चाळायची. खडा निघाला, जांभळाची बी निघाली, मुलांच्या गोट्या निघाल्या. काही काळं दिसलं की सगळ्यांचे हात थांबायचे.

आत्याबाई बाकावर बसून होत्या. ताठ, मांडीवर रिकामी डबी. नणंदेनं डबा आणला होता, भाकरी आणि पिठलं. पाण्याची बाटली पुढं केली तर त्यांनी मान हलवली.

"आई, तुजी बीपीची गोळी ऱ्हायलीय. निदान गोळीपुरतं तरी पाणी घे."

"सापडू दे."

"न्हाई सापडलं तर?"

"तर न्हाई."

सरळ सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला साखर संपली सांगावं तसं. मी त्यांना ओळखत होते. दिलेला शब्द म्हणून त्यांनी फांदी हलवू दिली नव्हती. इथं तर जन्मभराचा नेम होता. स्वामी होते चौसाळ्याला आणि तेही त्या दिवशी परगावी गेलेले. नणंदेनं एसटीडीवरून फोन करून विचारलं होतं. उद्याशिवाय येणार नव्हते. म्हणजे उद्यापर्यंत पाणी नाही, गोळी नाही, आणि डोक्यावर मे महिना.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"काल दिवसभर लिंग नव्हतंच की गळ्यात. जेवलाव, पाणीपुरी खाल्ली. काय झालं?"

"काल ठाव नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज ठाव हाय."

मग मी माझ्या स्वभावावर गेले. "बरं. मग मीबी घेत न्हाई. तुमी घेताल तवा मी घेईन."

"याडी झालीस का? तुज्या पोटात लेकरू हाय."

"हाय की. तुमचंच नातवंड हाय."

"हे कुठनं शिकलीस?"

"तुमच्याकडनंच."

नणंद डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "दोघी सारख्याच मेल्या." मी डब्याकडं पाठ केली आणि चाळणी घेऊन कडुनिंबाच्या आळ्यापाशी बसले. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात बाई नमतील. खरं सांगते, मला नुसतं त्यांना भिववायचं होतं. पण अर्धा तास गेला, तास गेला, त्या नमल्या नाहीत, आणि मग मलाही उठून भाकरी खाणं जमेना. रागानं धरलेला हट्ट होता, तो सोडायचा कसा तेच कळेना.

ऊन डोक्यावर आलं. पेन्शनर एकेक करून जेवायला गेले. मुली क्लासला गेल्या. माळी पार फाटकाजवळच्या झाडापर्यंत पोचला होता. माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. पोटातलं पोर सकाळपासून लाथा मारत होतं, ते गप झालं. मी चाळणी ठेवली आणि पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही नाही. उठायला गेले तर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी झाडाला धरून तशीच खाली घसरले.

"आई!" नणंद ओरडली.

आत्याबाई बाकावरून उठून आल्या. मला कडेला टेकवलं, पदरानं वारा घातला. नणंदेनं बाटली माझ्या तोंडाशी आणली. मी ओठ मिटून घेतले. कशाच्या जोरावर मिटले देव जाणे. आतून मी पुरती भ्याले होते. तरी म्हटलं, "आदी त्या."

आत्याबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला.

"कवापासनं हललं न्हाई?"

"लई वेळ झाला."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग वळून वॉचमनला म्हणाल्या, "दादा, एक पान."

वॉचमन बेलाखाली गेला. वाऱ्याचा पत्ता नव्हता. तो क्षणभर वर बघत उभा राहिला, मग त्यानं हात वर केला आणि स्वतः एक पान तोडलं. तीन पानांचं, हिरवं. आणून त्यांच्या हातात दिलं.

आत्याबाई तिथंच मातीत मांडी घालून बसल्या. कपाळाला भस्म लावलं. डावा तळहात पुढं धरला, रोज धरायच्या तसाच, आणि त्या रिकाम्या तळव्यावर बेलाचं पान ठेवलं. डोळे मिटले. रोजच्याइतकाच वेळ लावला त्यांनी, एक अक्षर कमी केलं नाही. वॉचमन टोपी काढून उभा होता. माळ्याचं खुरपं थांबलं होतं. मग त्यांनी डोळे उघडले, पान जपून आळ्यात ठेवलं, नणंदेच्या हातातली बाटली घेतली आणि पाणी प्यायल्या. तीन घोट. घशातून जाताना मला दिसले.

"झालं समाधान?" मला म्हणाल्या. "पी आता, मेले."

मी पाणी प्याले आणि रडले. त्यांनी भाकरी चुरून पिठल्यात कालवली आणि मला घास भरवले, एक मला, एक स्वतःला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड चालूच होतं. हट्टी कुठली, आईबापानं लाडावलेली, माज्या लेकाच्या नशिबाला आलीस. अर्धी भाकरी पोटात गेली आणि पोरानं आतून एक सणसणीत लाथ मारली. मी त्यांचा हात धरून तिथं नेला. त्या बोलायच्या थांबल्या.

लिंग सापडलं नाही. माळ्यानं फाटकापर्यंतची सगळी आळी उकरून परत भरली. निघताना आत्याबाईंनी फाटकातून एकदा मागं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "कोणत्या तरी झाडाच्या बुडात हाय. चांगल्या जागी हाय." वॉचमन दोन्ही हात जोडून उभा होता. त्याला म्हणाल्या, "नोकरी संभाळा. पानं तोडू देऊ नगा कुणाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौसाळ्याला परत निघालो. गाडीत मी त्यांच्या कानाशी लागले. स्वामी विचारतील, लिंग गेल्यावर अन्नपाणी घेतलं का. सरळ न्हाई म्हणा. कुणाला कळणार आहे? नाहीतर चार बायकांत नाव निघेल, एवढी सोवळ्याची बाई आणि बिनलिंगाची जेवली. आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा मला केळी घेऊन दिली आणि म्हणाल्या, "खा."

मुलगी पुढं सुखरूप झाली. ती गोष्ट वेगळी. मला सांगायचंय ते स्वामींचं.

आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी स्वामी घरी आले. नवं लिंग बांधायचं म्हणून आळीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. पाट मांडला, समई लावली. आत्याबाई डोक्यावरून पदर घेऊन समोर बसल्या. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं, बाग, बेल, साहेब, खत. मग विचारलं, "मधी अन्नपाणी घेतलं का?"

मी दाराआडून मान हलवत होते, न्हाई, न्हाई.

"घेतलं," आत्याबाई म्हणाल्या.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नवरा दुकानाच्या दारात होता, त्याच्या हातातलं तागडीचं पारडं तसंच राहिलं. स्वामी शांतपणे म्हणाले, "पाणी घेतलं?"

"पाणी घेतलं. भाकरबी खाल्ली."

"तुमी? तुमच्यासारखीनं? कावून?"

आत्याबाईंनी मान वर केली. आवाज चढवला नाही.

"महाराज, लिंग गेलं तर तुमी दुसरं देताव," त्या म्हणाल्या. "हिचं आदी एक गेलंय. हे बी गेलं असतं तर दुसरं कोण देणार व्हतं?"

स्वामींनी समईची वात सारखी केली. मग त्यांनी भस्माची वडी उचलली आणि म्हणाले, "हात पुढं करा." आत्याबाईंनी डावा हात पुढं केला. नवं लिंग त्या तळव्यावर आलं. मी दाराला टेकून तोंडात पदर धरून रडत होते.

सगळं झाल्यावर, माझ्याकडं न बघताच, त्या म्हणाल्या, "रडतीस काय? ताट वाढ. दोघींचं."